सही कोणाची?

“वहिनी, तुमची धाकटी तिकडे डॉक्टर आहे ना?” चिपळुणातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला येतोच. मी म्हणते, नाही, नर्स आहे. समोरच्या बाईचा चेहरा जरा पडतो. मग तिला आठवतं, “पण ती औषधं लिहून देते म्हणाला होतात मागे?” हो, देते. पेशंट तपासते, निदान करते, रक्त-लघवी-एक्सरे सांगते, औषध लिहून देते आणि खाली स्वतःची सही करते. त्याला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. “म्हणजे अर्धी डॉक्टर म्हणा की!” इथे मी जिलबी खाली ठेवते आणि समजावायला घेते, तोवर पंगत उठते. म्हणून एकदाच काय ते नीट लिहून काढतेय.

मी स्वतः सिस्टर. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून सरकारी नोकरीत लागले, सगळी नोकरी रायगड-रत्नागिरीतल्या ग्रामीण रुग्णालयांत काढली आणि इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. लेकीने जे अमेरिकेत शिकून, परीक्षा देऊन, लायसन्स काढून केलं, त्यातलं बरंच आम्ही इथे रात्रपाळीत करतच होतो. फरक कुठे होता ते सांगते.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. कागदावर एक अधीक्षक आणि तीन एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर. प्रत्यक्षात एक जागा रिकामी, एक साहेब ट्रेनिंगला, एक कोर्टात साक्षीला. रात्री वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी, साहेब क्वार्टरवर ऑन कॉल. ताप, जुलाब, दमा, मारामारीची केस, अडलेली बाई, जे येईल ते आधी सिस्टरच्या पुढ्यात. सिस्टर बघणार, बीपी घेणार, सलाईन लावून ठेवणार आणि फोन करणार. “सर, अमुक अमुक आहे, तमुक देऊ का?” पलीकडून, “हं, द्या.” मग केसपेपरवर आपणच ऑर्डर लिहायची, पुढे टी.ओ. असं लिहायचं, म्हणजे टेलिफोनिक ऑर्डर, आणि सकाळी राउंडला साहेब त्यावर सही करणार. आता यात निदान कोणी केलं? औषध कोणी सुचवलं? त्या “हं, द्या”ला ऑर्डर म्हणायची पद्धत होती, एवढंच. साहेबांना दोष देत नाही. दिवसभर ओपीडी, पोस्टमॉर्टेम, मीटिंग करून आलेला माणूस रात्री दोनला सिस्टरवर विसंबणार नाही तर कोणावर? आणि विसंबायचे ते सिस्टर बघूनच. नवीन मुलीचा फोन असला की स्वतः उठून यायचे.

कोकणातल्या रात्री म्हटल्या की मला विंचू आठवतो. लाल विंचू. चावल्यावर ठणका लागतो ते वेगळं, पण लहान मुलाच्या अंगात विष भिनलं की मूल घामाने ओलंचिंब होतं, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडते आणि मग फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली. गोळी मुळात ब्लडप्रेशरची, स्वस्तातली. ती हाती आली आणि कोकणात विंचवाने दगावणारी पोरं वाचायला लागली. हे सगळं त्यांनी मोठ्या शहरातल्या कॉलेजात बसून केलेलं नाही, महाडात राहून पेशंट बघत केलं. आम्हा सिस्टर लोकांना त्याचा केवढा अभिमान होता!

एकदा भातकापणीच्या दिवसांत रात्री असंच एक पोर आणलं, सात-आठ वर्षांचं. आजोबांच्या घोंगडीत गुंडाळलेलं. हात धरला तर गार, मनगटापासून वर कोपरापर्यंत गार, आणि कपाळावर घामाच्या धारा. साहेब तासाभरापूर्वी हायवेवरच्या अपघाताच्या पेशंटबरोबर अँब्युलन्समधून जिल्ह्याला निघालेले. फोन लावते तर घाटात रेंज नाही. मावशी माझ्याकडे बघतेय, मी भिंतीवर लावलेल्या विंचूदंशाच्या कागदाकडे. वजन करायला वेळ नव्हता, पण एवढी वर्षं पोरं उचलून किलोचा अंदाज येतोच. गोळी मोडून दिली. आता या गोळीची गंमत अशी की पहिल्या डोसानंतर बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून पोराला आडवंच ठेवायचं. आई ते उलटी करतंय म्हणून उचलून खांद्यावर घ्यायला बघत होती, तिला मी केवढ्याने ओरडले. कुशीवर वळव, उभं धरू नको! ओआरएस चमच्याचमच्याने. दर अर्ध्या तासाने पाय चाचपायचे. पुढचा डोस तीन तासांनी, आणि हातपाय गरम लागेपर्यंत तसंच चालू. पहाटे पायाची बोटं कोमट लागली. पोराने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं.

साहेब सकाळी आले, पोराला बघितलं, केसपेपर बघितला, “छान केलंत सिस्टर” म्हणाले आणि माझ्या अक्षरातल्या ऑर्डरखाली सही केली. झालं. पोर बरं झालं, साहेब खूश, मी खूश. पण नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मी जे केलं ते बरोबर होतं, पण कागदावर ते मी केलंच नव्हतं. आणि पोर गेलं असतं, तर मात्र मीच केलं असतं. विनापरवानगी औषध दिलं म्हणून.

नोकरीत एकदाच असं झालं की सरकारने हे कागदावर आणलं. एसबीएचं, म्हणजे सुरक्षित बाळंतपण करायचं, ट्रेनिंग आलं तेव्हाची गोष्ट. बाळंतीण झटके देत आली तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, सिस्टरने आणि उपकेंद्रातल्या एएनएमने, म्हणजे गावच्या नर्सबाईनेसुद्धा, स्वतः द्यायचा आणि मग रेफर करायचं. रक्तस्राव झाला तर ऑक्सिटोसिन. विचारत बसायचं नाही. त्या ट्रेनिंगमध्ये आम्ही ते परत परत घोकलं, डमीवर करून दाखवलं, परीक्षा दिली. आणि मजा बघा, अधिकार मिळाल्यावर मी जास्त घाबरून, जास्त काळजीने वागायला लागले. गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते तपासल्याशिवाय, लघवी किती झाली ते बघितल्याशिवाय पुढचा डोस नाही. टी.ओ.च्या मागे लपायची सोय राहिली नव्हती ना.

नर्स प्रॅक्टिशनरचं मूळही अशाच अडचणीत आहे. १९६५ साल, अमेरिकेतलं कोलोरॅडो. लोरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्स होत्या, गावोगाव फिरून लहान मुलं बघणाऱ्या. खेड्यात मुलांचे डॉक्टर नव्हतेच. त्यांनी हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या जोडीने कोलोरॅडो विद्यापीठात नर्सेससाठी पहिला कोर्स काढला. बाळाची वाढ बघणं, लस, नेहमीचे आजार, आणि कुठे थांबून डॉक्टरकडे पाठवायचं तेही. त्याच वर्षी तिकडे म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी मेडिकेअर-मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा आला, लाखो माणसं दवाखान्यात यायला लागली आणि डॉक्टर कमी पडायला लागले. त्यामुळे कोर्स रुजला. दोन्ही बाजूंनी शिव्याही खाव्या लागल्या, डॉक्टर म्हणाले आमच्या पोटावर पाय आणि नर्सिंगमधले जुने लोक म्हणाले तुम्ही नर्सिंग सोडून डॉक्टरकी करायला निघालात. फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन. लेकीने व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवली, खाली फक्त हात जोडलेले. आज तिकडे नर्स प्रॅक्टिशनरची संख्या चार लाखांच्या घरात आहे.

लेकीचा रस्ता थोडक्यात सांगते, कारण इथल्या मुली विचारतात. बीएस्सी नर्सिंग, मुंबईत आयसीयूत नोकरी, मग एनसीएलईएक्स नावाची अमेरिकेतली नर्सिंगची परीक्षा, मग व्हिसाची ती न संपणारी वाट. तिकडे पुन्हा वॉर्डात नोकरी, नाईट ड्यूट्या. नोकरी सांभाळून मास्टर्स, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं. मग राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. वाचताना सोपं वाटतं.

ती आहे कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेस्नोकडे. आपल्या लोकांना कॅलिफोर्निया म्हणजे सिलिकॉन व्हॅली आणि चकाचक ऑफिसं वाटतात. इकडे शेती. बदाम, द्राक्षं, बेदाणे वाळत घातलेले, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. मजूर बहुतेक मेक्सिकन, आणि जुनी पंजाबी वस्तीही मोठी. इथे डॉक्टर यायला तयार होत नाहीत, जसे आपल्याकडे मंडणगडला होत नाहीत. लेक ज्या दवाखान्यात काम करते तिथे रोजच्या पेशंटचा मोठा भार नर्स प्रॅक्टिशनरवर. शुगर, बीपी, थायरॉइड, बायकांच्या तपासण्या, पोरांच्या लसी, शेतात फवारणीनंतर डोळे चुरचुरणारे. पंजाबी आज्या तिच्याकडेच नंबर लावतात, कारण ती हिंदीत बोलते.

मला अर्थात आत बसायला मिळालं नाही. पेशंटच्या गुप्ततेचा कायदा तिथे कडक आहे, आई असो की आणखी कोणी. पण संध्याकाळी भाजी निवडताना ती नाव-गाव न सांगता गोष्टी सांगते. एका माणसाची शुगर काही केल्या उतरेना. इन्शुलिन वाढवून झालं, पुन्हा वाढवून झालं. हिच्याकडे आला तेव्हा हिने डोस बघायच्या आधी विचारलं, इन्शुलिनचं पेन ठेवता कुठे? पिकअपच्या डॅशबोर्डवर. बेचाळीस डिग्रीत, काचेमागे! इन्शुलिन शिजून गेलेलं. हिने छोटी थंड पिशवी कशी वापरायची ते दाखवलं, नवं पेन दिलं आणि वाढवलेला डोस पुन्हा कमी केला, नाहीतर चांगल्या इन्शुलिनने तो चक्कर येऊन पडला असता. मी म्हटलं, हे तू तिकडे शिकलीस का? “नाही गं आई. तू रुग्णालयातला फ्रिज उघडून बघायचीस ना, ते.” उगाच मस्का. मी लसीसाठी बघायचे, इन्शुलिनसाठी नाही. पण प्रश्न नर्सचा आहे हे खरं. डोस किती हे विचारण्याआधी औषध कुठे ठेवता, कोण टोचतं, चष्म्याशिवाय आकडा दिसतो का, हे विचारायची सवय वॉर्डात लागते.

कॅलिफोर्नियात गेल्या काही वर्षांपर्यंत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करावं लागायचं. देखरेख म्हणजे काय, तर लेखी नियमावली, आणि एक डॉक्टर औषधं लिहिणाऱ्या चारच जणींवर देखरेख करू शकणार असा हिशोब. शेजारच्या अॅरिझोनात मात्र तसं काही नाही. राज्य बदललं की तीच बाई, तेच शिक्षण, पण सहीचं वजन वेगळं! अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत आता त्यांना पूर्ण अधिकार आहेत. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा केला, २०२३ पासून लागू झाला. आधी तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा तेवढे तास भरायचे, मग डॉक्टर असलेल्या दवाखान्यात देखरेखीशिवाय काम, आणि तशी आणखी तीन वर्षं काढली की स्वतःचा दवाखानाही टाकता येतो. पहिल्या पायरीला १०३ म्हणतात आणि दुसरीला १०४, कायद्याच्या कलमावरून. आपल्याकडे १०४ म्हणजे आरोग्य सल्ल्याचा फोन, त्यामुळे लेक “मला १०४ व्हायचंय” म्हणाली तेव्हा ह्यांना आधी काही कळेचना.

पैशाचं विचाराल तर मेडिकेअर नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. काम तेच. यावर मी लेकीपेक्षा जास्त चिडते.

तिथे असताना मी स्वतःही एका नर्स प्रॅक्टिशनरची पेशंट झाले. खोकला लागला आणि हटेना. लेकीला धास्ती त्या भागातल्या व्हॅली फीव्हरची. मातीतल्या बुरशीने होणारा ताप, धूळ नाकात गेली की होतो. आपल्याच माणसाला आपण तपासायचं नाही असा तिचा नियम, म्हणून मला तिने एका औषधांच्या दुकानात नेलं, ज्याच्या कोपऱ्यातच छोटा दवाखाना होता. शाम्पू आणि चॉकलेटच्या रांगा ओलांडून दवाखान्यात जायचं, हे मला विचित्रच वाटलं. आत एक फिलिपिनो बाई, माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. मी काही न बोलता त्यांचे हात बघत बसले. सवय जात नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाडी मोजून झाल्यावरही सोडलं नाही. डोळे घड्याळावर नव्हते, माझ्या छातीवर होते. मला हसूच आलं. श्वास मोजत होत्या! पेशंटला सांगून श्वास मोजला की तो बदलतो, म्हणून नाडीच्या नावाखाली हात धरून ठेवायचा आणि श्वास मोजून घ्यायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वास अठरा-वीस लिहून मोकळ्या होणाऱ्या मुलींना मी आयुष्यभर यासाठी रागावले. मग त्यांनी पाठीवर स्टेथो वरपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना समोरासमोर लावला, कपड्यावरून नाही, पदर बाजूला करून. गोळ्या कुठल्या घेता विचारलं. माझी बीपीची गोळी ऐकून थांबल्या, कारण काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. माझी त्यातली नव्हती. किती दिवस आलात, कुठे फिरलात, बागेत, मळ्यात गेलात का. मळ्यात गेले होते. मग रक्त तपासायला सांगितलं, एक्सरेसाठी दुसरीकडे पाठवलं आणि म्हणाल्या, हे रिपोर्ट येईपर्यंत मी अँटिबायोटिक देणार नाही. मला ते फार आवडलं. व्हॅली फीव्हर निघाला नाही, खोकला आपोआप गेला.

मी सिस्टर आहे म्हणून मला सिस्टरचं काम आवडलं, असं कोणी म्हणेल. म्हणा. पण २००० साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी छापलेला अभ्यास आहे, लेकीनेच दाखवला. तेराशे सोळा पेशंट, चिठ्ठी टाकून कोणी डॉक्टरकडे, कोणी नर्स प्रॅक्टिशनरकडे. सहा महिन्यांनी दोन्हीकडची तब्येत सारखी. दमा, शुगर दोन्हींत फरक नाही, बीपीचा खालचा आकडा तर नर्सकडच्या पेशंटचा किंचित कमीच.

हेही सांगायला हवं की सगळीकडे असंच दिसलेलं नाही. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, तेही इमर्जन्सी विभागात, काही संशोधकांनी बघितलं तर तिथे नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेला पेशंट जास्त वेळ थांबला आणि त्याच्यावर खर्चही जास्त झाला. मला यात आश्चर्य वाटत नाही. नेहमीचं शुगर-बीपी वेगळं आणि इमर्जन्सीत पोटात दुखतंय म्हणून आलेला, काय आहे ते माहीत नसलेला माणूस वेगळा. तिथे डॉक्टरच्या हजारो तासांच्या रेसिडेन्सीला पर्याय नाही. कोणी नर्स मला सांगायला लागली की आम्ही डॉक्टरइतक्याच, तर मी तिला गप्प करीन.

दुसरं, तिकडे हल्ली ऑनलाइन कोर्स फोफावलेत. वॉर्डात फारसं काम न केलेल्या मुलीही सरळ प्रवेश घेतात. प्रत्यक्ष पेशंटबरोबर काढायचे तास काही शेच, आणि ते कोणाच्या हाताखाली काढायचे तो माणूस विद्यार्थिनीनेच शोधायचा. लेकीलाही कॉलेजने कोणी दिला नव्हता. दवाखान्यादवाखान्यांना ईमेल पाठवून, हातापाया पडून शेवटी एक म्हातारे डॉक्टर मिळाले, ते निवृत्तीला आलेले. त्यांनी तिला खडसावून खडसावून शिकवलं. ते भेटले नसते तर? हा प्रश्न विचारला की ती विषय बदलते.

आता इकडचं. आपल्याकडे काहीच नाही असं नाही, उलट आपल्या मातीत याची मोठी उदाहरणं आहेत. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना तयार केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गावच्या बायकांना, त्यातही कमी शिकलेल्या, नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरात जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. इंजेक्शन कोणी द्यायचं यावरून बसून चर्चा करणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

कागदावर नर्स प्रॅक्टिशनरही आहेत. क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा एमएस्सी २०१६ च्या सुमारास सुरू झाला. २०१८ मध्ये मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना आल्या, दीड वर्षाचा कोर्स, साधी बाळंतपणं मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करायची. १९४७ चा जुना नर्सिंग कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा आयोगाचा कायदा आला. पण औषध लिहून देण्याचा अधिकार आजही नोंदणीकृत डॉक्टरचाच. २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात ३२ वं कलम आलं, काही आरोग्य कर्मचाऱ्यांना मर्यादित लायसन्स देण्याचं, तेव्हा डॉक्टरांनी देशभर संप केला. त्यांची एक भीती रास्त होती, की यातून भोंदूंना मागचं दार उघडेल. पण ती भीती सांगणाऱ्यांतल्या किती जणांच्या नर्सिंग होममध्ये रात्री कोण असतं, हे मला माहीत आहे. बारावी झालेली, पांढरा कोट घालून उभी केलेली पोर. तिच्याबद्दल कोणी संप करत नाही.

आमच्या जवळच्या उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय. तिथे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी आहे, मराठवाड्यातली. आपल्या राज्यात बीएएमएस झालेलेही सीएचओ आहेत, ही नर्स आहे. मी दर महिन्याला माझी बीपीची गोळी तिथूनच घेते. मला मॅडम म्हणते, मी सिस्टर म्हण म्हणते, ती ऐकत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी, कॅन्सर वेळेत कळावा म्हणून, तिचं काम. आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात. सकाळी चुलीपुढे बसून दात घासायच्या नावाखाली अर्धा तास. बाईने तोंड उघडावं म्हणून ती आधी स्वतः तोंड उघडून दाखवते, मग टॉर्च मारून गालाच्या आत, जिभेखाली, दोन्ही बाजूंना. बोट फिरवून बघते, चट्टा पुसला जातो का. पुसला गेला तर मिश्रीचा थर. नाही गेला तर चिठ्ठी लिहून जिल्ह्याला. दोघीजणी तिने अशा वेळेत पाठवल्या. त्यातली एक माझी चुलत जाऊ.

आणि तरीही, माझ्या शेजारणीचं बीपी तीनदा वर निघालं तेव्हा या सीएचओला स्वतः गोळी वाढवता येईना. टॅबवर ई-संजीवनी, म्हणजे डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सरकारी सोय, उघडली, बऱ्याच वेळाने पलीकडे एक डॉक्टर दिसले. “बीपी किती?” हिने सांगितलं. “पायाला सूज?” नाही. हिने विचारलं, “सर, दुसरी गोळी जोडू का?” तिकडून, “हं, जोडा.” स्क्रीन बंद. मी खुर्चीत बसून बघत होते. टी.ओ.च की हे! माझ्या वेळी सही सकाळपर्यंत थांबायची, आता लगेच पीडीएफ येते. गोळी कुठली, किती, कधी वाढवायची, याचा सरकारचा प्रोटोकॉल तिच्या मागे भिंतीवर चिकटवलेला आहे. तिने तो वाचलाय, तिला तो पाठ आहे.

मध्यंतरी गोळी घ्यायला गेले तर कानात हेडफोन घालून काहीतरी पुटपुटत होती. जर्मन. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, कुशल माणसं पाठवायचा, त्यात नर्सेसही आहेत. हिची नोकरी कंत्राटी, पगार पंचवीस हजार आणि वर कामाप्रमाणे मोबदला. तिने मला विचारलं, मॅडम, मिडवाइफरीचा तो दीड वर्षाचा कोर्स करू का, की हे शिकू? मी विचारलं, कोर्स केल्यावर पद मिळेल असं कोणी लिहून देतंय का? नाही म्हणाली. मग तिला मी लेकीचा नंबर दिला. दोघींचं बोलणं झालं म्हणे, तासभर. जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा डिसेंबरात आहे.